दहावीचें वर्ष आणि मैदान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी सायंकाळीं देहूरोडच्या स्थानकांत थांबते, तेव्हां फलाटावर उतरणाऱ्या गर्दींत दोन प्रकारचे प्रवासी विशेष दिसतात. एक, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारे; आणि दुसरे, पाठीला जड दप्तर अडकवून शिकवणीच्या वर्गाहून घरीं निघालेले चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे व मुली. दोघांच्याहि चेहऱ्यांवर थकवा सारखाच असतो. मोठ्या माणसाचा थकवा समजण्यासारखा आहे. त्यानें आठ तास यंत्रापाशीं उभें राहून काम केलेलें असतें. मुलाचा थकवा मात्र निराळा. तो दिवसभर बसून दमलेला असतो. बसून दमणें ही गोष्ट माणसाच्या पंधराव्या वर्षीं घडूं लागावी, हें कांहीं शुभचिन्ह नव्हे. आजचें भाषण या बसून दमलेल्या मुलांसाठीं, आणि त्यांच्याहिपेक्षां त्यांच्या आईवडिलांसाठीं आहे.

वस्तुतः देहूरोडच्या आसमंतांत शरीर कामाला लावण्याची शिकवण पावलोपावलीं मिळावी अशी परिस्थिति आहे. हें गाव लष्कराच्या सहवासांत वाढलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्करी कोठारें उभीं राहिलीं आणि १९५८ सालीं कँटोन्मेंट बोर्ड स्थापन झालें. पहाटे शिस्तीनें धावणारे जवान येथील लोकांना नवे नाहींत. जवळच देहू, तेथून दरवर्षीं तुकोबांची पालखी निघते आणि साठी उलटलेलीं माणसें तिच्याबरोबर पंढरीची वाट पायीं चालून जातात. जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेला घोरावडेश्वराचा डोंगर उभा आहे; तो चढून जावयास तिकीट लागत नाहीं. आणि थोड्याच अंतरावर, गहुंजे येथें, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें भव्य क्रीडांगण आहे. सुमारें सदतीस हजार माणसें तेथें एका वेळीं बसूं शकतात. २०१२ च्या डिसेंबरांत तेथें भारत व इंग्लंड यांचा वीस षटकांचा सामना झाला, आणि २०२३ च्या विश्वचषकांतील पांच सामनेहि तेथेंच झाले.

परंतु सदतीस हजार माणसें बसतात, तेव्हां खेळणारे असतात बावीस. सामना पाहण्यांत गैर कांहींच नाहीं. उत्तम खेळ पाहून खेळण्याची ऊर्मि उठते. पण ती ऊर्मि घरीं परतल्यावर मोबाइलच्या पडद्यांतच विरून गेली, तर पाहणें हेंच खेळणें होऊन बसतें. आज नेमकें तेंच होत आहे.

एखाद्या घराचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. ही कोणा एका कुटुंबाची कथा नव्हे. थोड्याफार फरकानें ती शेंकडों घरांत सांपडेल. मुलगा आठवींत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघांत तो खेळतो. पायांत मैदानाचे बूट आहेत, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा आहेत, आणि रात्रीं अंथरुणाला पाठ टेकतांच त्याला झोंप लागते. नववी सुरू होते. एके दिवशीं वडील पाळीहून येतात, मुलाला जवळ बसवून अगदीं मायेनें सांगतात, “बाळ, एवढीं दोन वर्षें नीट अभ्यास कर. दहावी झाली कीं मग आयुष्यभर खेळ. कोण नको म्हणतो?” मुलगा समंजस असतो. तो “बरें, बाबा,” म्हणतो. आई बूट धुऊन, वाळवून, कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवते. दोन वर्षें जातात. दहावीचा निकाल चांगला लागतो. पेढे वाटून होतात. मग कोणाला तरी बुटांची आठवण होते. बूट खालीं काढले जातात. पण ते पायांत जात नाहींत. पाय वाढलेला असतो.

नवे बूट दुकानांत मिळतात. त्यांचें दुःख नाहीं. पण त्या दोन वर्षांत आणखीहि पुष्कळ कांहीं बदललेलें असतें. संघांतले सोबती पांगलेले असतात. धावतांना धाप लागते. आणि ज्याला एकेकाळीं सर्वांच्या पुढें पळण्याची संवय होती, त्याला सर्वांच्या मागें पळण्याची लाज वाटते. तो एक दिवस मैदानावर जातो, दुसऱ्या दिवशीं जात नाहीं. त्यानंतर अकरावी-बारावीच्या प्रवेशपरीक्षा उभ्या राहतात, आणि “आयुष्यभर खेळ” हें वडिलांचें वचन कोणीहि न मोडतां मोडलें जातें.

ही उणीव केवळ आपल्याकडील आहे असें मात्र नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनीं १४६ देशांतील, अकरा ते सतरा वर्षांच्या सुमारें सोळा लक्ष विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली आणि ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, २०१६ सालीं या वयाच्या शंभर मुलांपैकीं एक्यायशीं मुलांना पुरेसा शारीरिक व्यायाम घडत नव्हता. मुलींमध्यें हें प्रमाण शंभरांत पंचायशीं होतें. पुरेसा म्हणजे किती? तर पांच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरीनें एक तास, अंगाला घाम येईल व श्वास जलद होईल इतकी हालचाल घडावी, असें ती संघटना सांगते. माप कांहीं फार मोठें नाहीं. आठवड्याचे तास १६८. रोज एक तास म्हणजे आठवड्याला सात. शेंकडा चारांहून किंचित् अधिक. शंभरांतले हे चार तास दिल्यानें परीक्षा बुडते आणि उरलेले शहाण्णव अभ्यासालाच लागतात, असें म्हणणाऱ्यानें एक आठवडाभर घरांतील घड्याळाकडे नीट पाहावें. मैदानावरून वांचविलेला तास पुस्तकाकडे जातोच असें नाहीं. पुष्कळदां तो पडद्याकडे जातो.

शिवाय हें वय पुन्हां येत नाहीं, हें केवळ बोलण्यापुरतें खरें नाहीं. हाडांत आयुष्यभर पुरावयाची जी बळकटी सांठते, तिचा सुमारें नव्वद टक्के भाग मुलींच्या अठराव्या आणि मुलग्यांच्या विसाव्या वर्षापर्यंत सांठून झालेला असतो. धावणें, उड्या मारणें, वजन पेलणें यांनीं ती सांठवण वाढते. कारखान्यांत नोकरी करणारा गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता चुकवीत नाहीं. हाडांच्या या निधीचे हप्ते मात्र ज्या वर्षांत भरावयाचे, नेमक्या त्याच वर्षांत आपण ते थांबवितों.

कोणी विचारील, खेळून पुढें काय होतें? या प्रश्नाला महाराष्ट्रानें वेळोवेळीं उत्तर दिलेलें आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते कुस्तींत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें, तर पैसे नव्हते. लोकांनीं वर्गणी गोळा केली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ पदक घेऊन परत आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आतां महाराष्ट्राचा क्रीडादिन म्हणून पाळला जातो. पदक खाशाबांचें खरें. पण एका प्राचार्यानें विद्यार्थ्याच्या खेळासाठीं राहतें घर गहाण टाकावें, ही गोष्ट आजच्या शाळांनीं विसरूं नये. आजच्या शिक्षकापाशीं कोणी घर मागत नाहीं. वेळापत्रकांतला खेळाचा तास गणिताला देऊं नये, एवढेंच मागणें आहे.

खाशाबांच्या नंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठीं महाराष्ट्राला बहात्तर वर्षें वाट पाहावी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजीं स्वप्नील कुसळे यानें नेमबाजींत, पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत, ब्राँझ पदक मिळविलें. हा कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा, एका शिक्षकाचा मुलगा. वडिलांनीं त्याला २००९ सालीं राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत घातलें. पुढें तो मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस झाला आणि देहूरोडपासून फार दूर नसलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सराव करीत राहिला. १९९५ सालीं जन्मलेला मुलगा २००९ सालीं किती वर्षांचा होता? चौदा. म्हणजे ज्या वर्षीं इतर घरांत बूट माळ्यावर चढतात, त्याच वर्षीं या घरांत खेळाला आरंभ झाला.

मुलींच्या बाबतींत अडचण दुहेरी असते. मुलग्याचा खेळ परीक्षेसाठीं थांबतो. मुलीचा त्याच्याहि आधीं, ती मोठी झाली म्हणून थांबतो. अंधार पडण्याच्या आंत घरीं यावयाचें, मैदानाजवळ कपडे बदलण्यास आडोसा नाहीं, स्वच्छतागृह नाहीं, महिन्याच्या चार दिवसांविषयीं बोलण्यास कोणी बाई शिक्षिका नाहीं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर चुकत नाहीं. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना उत्तर मुलीला घरांत बसविणें हें नव्हे; मैदान तिच्या सोयीचें करणें हें आहे. चार घरच्या मुली एकत्र गेल्या, त्यांच्याबरोबर आळीपाळीनें एक आई गेली, आणि शाळेनें एक खोली व पाण्याची सोय दिली, तर निम्मा प्रश्न तेथेंच सुटतो. सातारा जिल्ह्यांतील मोही गावची ललिता बाबर शाळेंत खो-खो खेळत खेळत धावण्याकडे वळली आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरींत दाखल झाली. धावण्याच्या स्पर्धेंत कोणी भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोंचण्याचा हा योग पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनीं आला. आणि २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हां अजिंक्य ठरलेल्या भारतीय मुलींच्या संघाची नायिका महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. ज्या खेळाला ना महाग साहित्य लागतें, ना गवताचें हिरवें मैदान, त्या खेळानें मराठी मुलींना एवढी उंची दाखविली आहे.

तथापि पदकांच्याच गोष्टी सांगत राहिलें तर एक भलताच समज होतो. शंभर मुलें खेळलीं तर त्यांपैकीं एखादेंहि राष्ट्रीय संघांत जाईल असें नाहीं. मग उरलेल्या नव्याण्णवांचें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास पिंपरी-चिंचवडच्या परिसराबाहेर जाण्याचें कारण नाहीं. मुरलीकांत पेटकर हे लष्करांतले जवान. लहानपणीं कुस्तीची आवड, लष्करांत गेल्यावर मुष्टियुद्धाची. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्यांत रुतून राहिली, आणि पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनीं पोहावयास आरंभ केला. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेंत त्यांनीं पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७·३३ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. भारताचें तें पहिलें पॅरालिंपिक सुवर्णपदक. पुढें त्यांनीं येथील टेल्को कारखान्यांत नोकरी केली. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

पेटकरांच्या चरित्रांतून सुवर्णपदक क्षणभर बाजूला काढून पाहावें. तरीहि एक गोष्ट शिल्लक राहतेच. ज्या शरीराला लहानपणापासून पडण्याची व पडून उठण्याची संवय होती, त्या शरीराचा धनी अंथरुणाला खिळल्यावरहि, आतां दुसरें काय करतां येईल, असा प्रश्न विचारूं शकला. ही संवय पुस्तकांतून येत नाहीं. ती मैदानावर हरल्यानें येते. आजच्या मुलाला हरण्याचा प्रसंग एकच ठाऊक आहे, तो म्हणजे परीक्षेचा निकाल. आणि तो एवढा मोठा करून ठेवलेला आहे कीं, त्यांत हरणें त्याला सर्वस्व हरल्यासारखें वाटतें. जें मूल दर शनिवारीं सामना हरून, घरीं येऊन, दोन भाकरी जास्त खाऊन झोंपतें, त्याला निकालाच्या दिवशींहि जेवण जातें. नव्याण्णवांचा लाभ तो हाच.

आतां प्रत्यक्ष काय करावें? प्रथम हें कीं, खेळ मुलाला निवडूं द्यावा. वडिलांची क्रिकेटची अपुरी राहिलेली हौस मुलाच्या गळ्यांत बांधूं नये. एखाद्याला कबड्डी आवडेल, एखाद्याला मल्लखांब, एखादीला केवळ डोंगर चढणें. संघांत न रमणाऱ्या मुलाला सायकल किंवा पोहणें बरें वाटतें. तेंहि पुरेसें आहे. जो खेळ आवडतो तोच टिकतो.

दुसरें असें कीं, उपदेशापेक्षां सोबत अधिक परिणाम करते. स्वतः खुर्चींत बसून, हातांत मोबाइल धरून “जा, जरा बाहेर खेळ” म्हणणाऱ्या वडिलांचें मुलें ऐकत नाहींत, आणि त्यांत त्यांची चूकहि नाहीं. पाळीची नोकरी करणाऱ्यास रोज वेळ मिळणार नाहीं. पण सुटीच्या सकाळीं मुलांना घेऊन घोरावडेश्वराचा डोंगर चढावा. सामना असेल त्या दिवशीं कडेला उभें राहावें. आणि परत येतांना “जिंकलास कां?” असें न विचारतां “मजा आली कां?” असें विचारावें.

तिसरें असें कीं, वाट ठाऊक करून घ्यावी. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा विभागाच्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात, आणि तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनीं त्या वर जातात. ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखून ठेवलेल्या आहेत. ही माहिती शाळेंत विचारून घ्यावी. मात्र गुणांसाठींच खेळ, असा व्यवहार मुलाच्या मनांत शिरूं देऊं नये. कारण गुण न मिळाले कीं तो खेळ सोडील.

चौथें सावधगिरीचें. उन्हाळ्यांत सराव सकाळीं लवकर किंवा उन्हें उतरल्यावर करावा, पाणी जवळ असावें. सांधा दुखत असतां “सहन कर” म्हणूं नये; विश्रांति द्यावी आणि दुखणें राहिलें तर डॉक्टरांस दाखवावें. आणि मूल ज्या प्रशिक्षकाच्या हातीं दिलें, तो कसा बोलतो, कसा वागतो, हें आईवडिलांनीं स्वतः मैदानावर जाऊन पाहावें. मुलानें तक्रार केली तर ती ऐकून घ्यावी.

राहतां राहिलें दहावीचें वर्ष. त्या वर्षीं सराव कमी करावा लागेल, हें मान्य. स्पर्धेसाठीं परगावीं जाणें टाळावें लागेल, हेंहि मान्य. परीक्षेच्या महिन्यांत तास अर्धा होईल. पण अर्धा तास आणि शून्य यांत फार मोठें अंतर आहे. अर्धा तास उरला, तर परीक्षा संपतांच त्याचा पुन्हां एक तास होतो. शून्याचें कांहींच होत नाहीं; शून्याला कितीहि मोठ्या संख्येनें गुणलें तरी शून्यच येतें, हें तर दहावीच्या मुलाला शिकवावयासहि नको.

शंभर वर्षांपूर्वीं, १९१९ च्या सुमारास, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें भरविलेल्या शर्यतींत शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धावलीं. त्यांचें तें धावणें पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना दृढ झाली. आणि १९२० सालीं अँटवर्पला गेलेल्या लहानशा संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनच्या शर्यतींत ते एकोणिसावे आले. त्या धावणाऱ्यांपाशीं बूट नव्हते, पण मैदान होतें आणि वेळ होता. आजच्या मुलापाशीं बूट आहेत. ते माळ्यावर आहेत.

श्रोतेहो, हें भाषण संपल्यावर ज्या घरांत नववी-दहावीचें मूल आहे, तेथें कोणीतरी उठून ते बूट खालीं काढावेत. पायांत येत असतील, तर आजच्या सायंकाळीं ते घालावेत. येत नसतील, तर वेळ न दवडतां मुलाला बरोबर घेऊन त्याच्या आजच्या पायाच्या मापाचे आणावेत.